पडलेल्याची ऑर्डर

सावजी भोजनालयाच्या काउंटरवर धर्मेंद्रनं पार्सल ठेवलं, जिभेनं अंगठा ओला केला, त्याच अंगठ्यानं बिलाचा कागद सुटा करून पिशवीवर चिकटवला, आणि समोर निकेश दिसताच आत वळून म्हणाला, "याच्यासाठी एक हाफ चिकन काढ. पैसे नको लावू. हाच होय तो, पडलेल्या दोस्ताची ऑर्डर पोचवणारा." आतल्या भांड्यांमागून एका माणसानं मान काढून निकेशला पाहिलं आणि कौतुकानं हसला. झालं एवढंच. पण निकेशला ते कौतुक नको झालं. बसून खातो म्हणावं तर बसवेना, नको म्हणावं तर धर्मेंद्र वाईट वाटून घेणार. घरी नेतो म्हणून त्यानं ते चिकन बांधून घेतलं. मागच्या गल्लीत नालीपाशी डुकरं होती. त्यानं तिथे पिशवीची गाठ सोडली, डबा उपडा केला, आणि रश्श्यावरची लाल तर्री मातीत पसरताना दिसू नये म्हणून मान फिरवून उभा राहिला. मचमच आवाज मात्र ऐकू येतच राहिला.

हल्ली त्याला सगळ्याचाच वीट आला होता. धर्मेंद्रच्या अंगठ्याचा, पार्सलच्या कोमट बुडाचा, पाठीवरच्या चौकोनी बॅगेचा. बॅग त्यानं तीनदा धुतली, फिनाईलनं पुसली, उन्हात उलटी करून टांगली. ऊन तरी कसलं, मे सरून जून लागला तरी सावंगीच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. बॅग वाळून खडखडीत झाली, पण झाकण उघडलं की आतून आंबट, तेलकट, जुनी वाफ यायचीच. इतरांना येत नव्हती. त्याच्यासारखंच जेवण पोचवणाऱ्या राकेशच्या नाकाशी त्यानं बॅग धरून पाहिली होती. राकेश म्हणाला, जेवणाच्या बॅगेले जेवणाचाच वास येईन ना बापा. निकेशला मात्र त्या वासाच्या खाली दुसरा एक वास लागायचा, लोखंडासारखा, आणि तो आला की त्याला स्वतःचे हात नकोसे व्हायचे. बत्तीस वर्षांचा डी.एड. झालेला माणूस, आठ वर्षं शिक्षकभरतीची वाट पाहिलेला, आणि तो दिवसातून वीस वेळा हात धुवायचा. आई कमलाबाई रोहण्याहून फोन करून विचारायची, जेवला का. जेवलो म्हणायचा. तीन आठवड्यांत त्यानं वरण-भाताखेरीज काही खाल्लं नव्हतं.

पार्सल बॅगेत घालतानाच प्रभाकररावांचा फोन आला. प्रभाकररावांचं वर्ध्यात स्टेशनरीचं दुकान होतं, आणि दुकानातल्याच एका टेबलावर विम्याची एजन्सी. सावंगीत जेवण पोचवणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या गाड्यांचे विमे त्यांनीच काढलेले. बोलायला गोड माणूस, चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. पडलेल्या दोस्ताच्या, रुपेशच्या, गाडीचा विमाही त्यांचाच. फोनवर त्यांनी सांगितलं की दोन्हीकडून नकार आला आहे, पण एक वाट दिसते, आणि ती निकेशच्या हातात आहे. तीन वाजता रुपेशच्या खोलीवर ये. येताना आधारकार्ड आण. निकेश हो म्हणाला आणि फोन ठेवून त्यानं गाडीला किल्ली लावली.

नकार येणार हे त्याला आधीच कळायला हवं होतं. रुपेशचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. कृत्रिम पाय बसवायचा, तो नीट बसायच्या आधी जखमेची आणखी एक शस्त्रक्रिया करायची, आणि हे सगळं विम्याच्या भरवशावर ठेवलेलं. विमे दोन होते, म्हणून सगळ्यांना वाटलं एक तरी उपयोगाला येईल. गाडीचा विमा घरगुती वापराचा. त्यांनी दवाखान्यातले कागद पाहिले, त्यात 'जेवण पोचवणारा' असं लिहिलेलं सापडलं, आणि म्हणाले, गाडी धंद्याला लावली होती, आमच्याकडून काही मिळणार नाही. दुसरा विमा कंपनीचा. तो ऑर्डर घेतल्यापासून ती गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतच चालतो. त्यांनी आपला हिशोब पाहिला. ऑर्डर एक वाजून एकवीस मिनिटांनी पोचली. पोलिसांनी पंचनाम्यात अपघाताची वेळ अंदाजे दीड लिहिली, कारण पोलीस आले तेव्हा दीड वाजला होता. म्हणजे अपघात काम संपल्यावरचा. जागेवर बॅगही सापडली नाही. तेव्हा हा इसम स्वतःच्या कामानं फिरत होता. एका विम्याच्या लेखी रुपेश कामावर होता म्हणून नाही, दुसऱ्याच्या लेखी कामावर नव्हता म्हणून नाही. धडक देणारा गिट्टीचा टिप्पर तर कुणी नंबर वाचायच्या आत निघून गेला होता.

आणि एक वाजून एकवीस मिनिटांनी 'पोचली' हे बटण रुपेशच्या फोनवर निकेशनं सरकवलं होतं.

पार्सल पाठीवर घेऊन तो निघाला तेव्हा रस्त्यात नेहमीची चहाची टपरी लागली. याच टपरीवर हिवाळ्यात एक नियम ठरला होता. राकेश धुक्यात घसरून पडला, हात मोडला, त्याच्या बॅगेतलं जेवण तसंच राहिलं, गिऱ्हाइकानं तक्रार केली, आणि हाताला प्लास्टर असतानाच राकेशची आयडी बंद झाली. आयडी म्हणजे कंपनीतलं त्याचं नाव, त्याच्याशिवाय ऑर्डर येत नाही. पुढे महिनाभर हातापाया पडून त्यानं ती उघडून घेतली. त्या दिवशी इथे सातआठ जण जमले होते आणि निकेशच बोलला होता, शिक्षक होता होता राहिलेला माणूस, बोलायची हौस दांडगी. यापुढे आपल्यातला कुणी पडला तर जो जवळ असेल त्यानं त्याची ऑर्डर उचलायची, त्याच्याच फोनवरून पुरी करायची. राकेश हसून म्हणाला होता, म्हणजे पहिले पार्सल, मंग माणूस. सगळे हसले होते. प्रभाकररावही योगायोगानं तिथेच चहा पीत होते. त्यांनी आपली भर घातली की काही झालं तर बॅग अन् कंपनीचा टीशर्ट पहिले काढून घ्याचा, घरगुती विम्याले ते दिसू देऊ नका. विमा काढताना त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच की हे लोक गाडीवर काय करतात. कोण पाहते, म्हणाले होते. रुपेश कोपऱ्यात पोहे खात बसला होता. तो तळेगावचा, अंगानं आडवा, कमी बोलणारा. मान हलवून त्यानं नियम मान्य केला होता. त्या पोह्यांवरची तर्री त्याच्या मिशीला लागली होती, हे निकेशला उगाच आठवलं आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.

लोकांना त्यानं जे सांगितलं होतं ते असं. रुपेश रस्त्यावर पडला होता, शुद्धीत होता, आणि त्यानंच म्हटलं, निकेश, माही ऑर्डर पोचवून दे, आयडी जाईन. हे वाक्य निकेशनं पहिल्यांदा त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात दीपमालाला सांगितलं. ती रुपेशची बायको. त्या दिवशी तिनं विचारलं होतं, तुमी तिथंच होते ना, काय म्हणले ते. आणि त्याच्या तोंडून ते आपोआप निघून गेलं. ती ऐकून रडली आणि म्हणाली, तसेच हायेत ते. मग राकेशला, मग टपरीवर, मग धर्मेंद्रला. चार दिवसांत ते वाक्य साऱ्या सावंगीत फिरून आलं आणि इतकं गुळगुळीत झालं की कधीकधी निकेशलाही रुपेशचा तसा आवाज ऐकू यायचा. मग त्याला स्वतःचीच अशी किळस यायची की थुंकावंसं वाटे आणि थुंकी निघत नसे.

कारण रुपेश तसं काही म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, पानी.

दुपारचा एक वाजून गेला होता. निकेशची गाडी मागून येत होती, शंभरेक पावलांवर. त्यानं टिप्पर पाहिला, धूळ पाहिली, मग रस्त्यावर पसरलेलं पांढरं काहीतरी पाहिलं. आधी त्याला ते दही वाटलं. ते दहीच होतं, पार्सलमधल्या रायत्याचा डबा फुटला होता. त्याच्या पलीकडे रुपेश उताणा पडला होता आणि त्याचा डावा पाय नको तिकडे वळला होता. हँडलवर अडकवलेला त्याचा फोन अजून बोलत होता. दोनशे मीटरवर उजवीकडे वळा, बाई सांगत होती. रस्त्याकडेची रसवंती चालवणारी आनंदाबाई दुकानातून धावत आली. रुपेशनं निकेशकडे पाहिलं. नीट पाहिलं, ओळखून पाहिलं, आणि म्हणाला, पानी. निकेशच्या गाडीला पाण्याची बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, गार. त्याचा हात तिच्याकडे गेलाही असेल. पण तेवढ्यात फोनमधून टुणटुण वाजलं. ऑर्डरला उशीर होतोय, अशी लाल पट्टी आली. आणि निकेशनं रुपेशच्या पाठीखालून बॅग ओढून काढली. ओढताना रुपेश कण्हला. अंगातला टीशर्ट निघेना म्हणून तो राहू दिला. हँडलवरचा फोन काढला. हे सगळं त्यानं अगदी सराईतपणे, एकही हालचाल वाया न घालवता केलं, याचंच त्याला आता सगळ्यात जास्त भय वाटे. आनंदाबाई ओरडली होती, "कुठी चालला बापा? थांब ना, धर याले." तो थांबला नाही. नियम त्यानंच केला होता.

वसतिगृहाच्या फाटकाशी एक मुलगी उभी होती, डॉक्टरकीला शिकणारी, पांढरा कोट दंडावर टाकलेला. रुचिका नाव फोनवर दिसत होतं. तिनं पिशवी घेतली आणि कपाळाला आठी घालून विचारलं, हे लाल काय लागलंय. पिशवीच्या कानाला लाल ओलं लागलं होतं. निकेशनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. त्याच्याही बोटांना होतं. आणि तो म्हणाला, "तर्री आहे मॅडम. थोडी सांडली." तिनं कागदी रुमालानं पिशवीचा कान धरला आणि आत गेली. एक वाजून एकवीस मिनिटं झाली होती. बटण सरकवल्यावर पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले, शाब्बास अशी अक्षरं आली. तो परत रसवंतीपाशी पोचला तेव्हा रुपेशला ऑटोत घालून नेलं होतं. डांबरावर रायत्याला मुंग्या लागल्या होत्या आणि आनंदाबाई बादलीनं पाणी ओतून रस्ता धूत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. रात्री रुपेशच्या फोनवर पाच तारे आले होते. खाली लिहिलं होतं, जेवण गरम होतं.

त्या मुलीनं ते जेवण खाल्लं असेल. हा विचार त्याला कुठेही गाठायचा. ती बसली असेल, पिशवीचा कान सोडवला असेल, बोटं चाटली असतील. मग तो गाडी बाजूला घेऊन उभा राहायचा. आजही त्यानं उभी केली. मग पार्सल पोचवलं, हात धुतले, आणि तीनला दहा मिनिटं असताना रुपेशच्या खोलीकडे वळला.

खोलीत कूलरची दमट हवा होती, मलमाचा वास होता. रुपेश भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. चादर उजव्या पायावर उंच होती आणि डावीकडे मध्येच सपाट झाली होती, तिकडे न पाहायची युक्ती निकेशला अजून साधलेली नव्हती. दवाखान्यातून आल्यापासून रुपेश जेमतेम बोलत होता, त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही असं सगळे धरून चालले होते. तसं कुणी त्याला विचारलंही नव्हतं. "जयभीम भाऊ," म्हणून दीपमालानं खुर्ची पुढे केली. प्रभाकरराव आधीच येऊन बसले होते, कागद मांडीवर, पेन खिशाला.

त्यांनी एक वाट म्हणजे काय ते सांगितलं. कंपनीच्या विम्यानं प्रकरण पुन्हा पाहायचं मान्य केलं होतं, कारण रुचिकाला फोन केल्यावर ती म्हणाली होती की जेवण आणणारा किडकिडीत होता, चष्मेवाला. रुपेश तसा नाही हे फोटोत दिसतच होतं. तेव्हा ऑर्डर दुसऱ्यानं पोचवली एवढं सिद्ध होईल. आता प्रश्न एवढाच की रुपेशचा फोन त्या दुसऱ्याच्या हातात गेला कसा.

"रुपेशनं सोताहून तुले फोन देला असं म्हणलं तं संपलं," प्रभाकरराव म्हणाले. "आयडी दुसऱ्याच्या हाती देली म्हणून त्याचाच दोष धरतीन. पण त्यानं काहीच म्हणलं नाई, तो पडून होता, अन् तूच न विचारता फोन घेतला, पार्सल घेतलं, अन् त्याले तसाच टाकून गेला, असं लिहून देलं, तं त्याच्यावर काई येत नाई. त्याची ऑर्डर चालूच होती मंग. तुही आयडी जाईन. कायमची जाईन, हे सांगून ठेवतो. अन् लोकाईत नाव खराब होईन ते निराळं. थोडं खोटं लिहा लागते निकेश, पण भल्यासाठी हाये."

निकेशनं कागद घेतला. सगळं लिहून तयार होतं, टाईप केलेलं. 'जखमी इसमाला रस्त्यावर सोडून मी त्याच्या परवानगीशिवाय...' प्रभाकररावांनी दुकानात बसून आपल्या मनानं रचलेली ओळ अन् ओळ बरोबर होती. एवढं बरोबर तर त्यानं स्वतःशीही कधी मांडलं नव्हतं. कागद वाचता वाचता त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. आयडीचं दुःख त्याला आत्ता या घडीला वाटत नव्हतं. रोहण्याला आईला काय सांगायचं, महिना कसा काढायचा, ते उद्या उभं राहणारच होतं. त्याला वाटत होतं ते दीपमालाकडे पाहण्याचं भय.

ती पुढे येऊन खाली बसली. "भाऊ, रोज पंचशील म्हणतो आपण. खोटं बोलनार नाई म्हणतो. अन् तुमी आमच्यापायी सोतावर असं खोटं घेऊन राह्यले. मी कशी फेडू?" असं म्हणून तिनं त्याच्या पायाला हात लावला. तो इतक्या जोरात मागे सरकला की खुर्ची भिंतीला लागली. तिची बोटं त्याच्या पावलाला जिथे लागली होती तिथे त्याला काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

त्यानं सही केली. आधारकार्डाचा क्रमांक लिहिला. आणि पेन परत देताना म्हणाला, "काका, हे खोटं नाई. असंच झालतं."

"शाब्बास," प्रभाकरराव म्हणाले. "चौकशीचा फोन आला तं असंच सांगजो. याच आवाजात."

"मी खरं सांगून राह्यलो. त्यानं ऑर्डरचं काई म्हणलंच नाई. त्यानं पानी मांगलतं. बाटली होती माह्याजवळ."

दीपमालानं तोंडाला पदर लावला आणि तिचे डोळे आणखीच भरून आले, कौतुकानं. प्रभाकररावांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला, चष्मा सारखा केला, आणि टाईप केलेल्या ओळीच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, 'त्याने फक्त पाणी मागितले होते.' शेजारी बोट ठेवून म्हणाले, "इथं छोटी सही कर. हे चांगलं सुचलं तुले. असं काई असलं का मजकूर खरा वाटते."

निकेशनं छोटी सही केली. दुसरं काय करणार होता. त्यानं जन्मात पहिल्यांदा एवढं खरं सांगितलं होतं आणि ते घडी होऊन प्रभाकररावांच्या पिशवीत गेलं. उद्या टपरीवर त्याची नवी गोष्ट फिरणार होती. दोस्तासाठी यानं स्वतःची आयडी घालवली, स्वतःला बदनाम करून घेतलं. धर्मेंद्र आता फुल प्लेट बांधून देईल.

खाट करकरली. रुपेशनं कूस बदलली होती. तोंड आता खोलीकडे होतं आणि डोळे उघडे होते, कितीतरी वेळ उघडे असावेत असे. त्यानं निकेशकडे पाहिलं. नीट पाहिलं, ओळखून पाहिलं. रस्त्यावर पाहिलं होतं तसंच.

"पानी दे," तो म्हणाला.

दीपमाला उठायला लागली. रुपेशनं हातानं तिला थांबवलं. "तू नको. त्याले देऊ दे."

माठ दाराशी होता, चार पावलांवर. निकेशनं प्याला बुडवला, भरला, आणला. देताना पाणी चादरीच्या सपाट भागावर सांडलं. रुपेशनं कोपरावर उठून प्याला तोंडाला लावला आणि निकेशवरची नजर न काढता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मागे प्रभाकरराव दीपमालाला सांगत होते की आता काम होईल, नशीब लागते असा दोस्त भेटायले.

रुपेशनं रिकामा प्याला पुढे केला.

"अजून," तो म्हणाला, आणि निकेश पुन्हा माठाकडे गेला.